तडा वर येतो

कोंग्सबर्गमध्ये आता सुटे पैसे कुणाच्या खिशात नसतात.
पावसुद्धा कार्ड टेकवून मिळतो.
सिगब्यॉर्न हाउगनला त्यामुळे एकेका क्रोनरसाठी
दारोदार जावं लागतं:
चर्चची दानपेटी, लाँड्रीचं यंत्र,
सिवनेसनच्या गल्ल्याचा तळ,
जिथे रबर बँड आणि विटलेल्या पावत्यांखाली
अजून थोडी उरली आहेत.
डबाभर नेतो, पुढच्या मंगळवारी परत आणतो.
सिवनेसन मोजत नाही.
एकदाच मोजली होती, तर एक जास्त भरलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल.
दिवा इतका खाली ओढलेला
की उजेड नाण्यावरून सरपटत जातो.
वरून पडलेल्या उजेडात, तो म्हणतो,
सगळीच निर्दोष दिसतात.

शेजारचा एस्पेन एक घेऊन आला धावत:
आकडे दोनदा उमटलेत! विकलं तर?
म्हातारा भिंगातून बघतो, बराच वेळ, पोराच्या मानासाठी.
मग म्हणतो, दुहेरी नाही रे. थरथर आहे.
ठसा उचलताना यंत्राचा हात कापला.
असली पोत्यानं सापडतील.
आण इकडे नख.
हा ओरखडा, बघ, आत जातो.
तो जगाने दिलेला: किल्ल्यांनी, फरशीने, कुणाच्या तरी रागाने.
तडा वर येतो.
साच्यात भेग पडते, धातू तिच्यात शिरतो,
आणि नाण्यावर उभा राहतो, केसाएवढा.
नखाला अडला, तर चूक आमची.

'आमची' म्हणून झाल्यावर तो भिंग पुसतो.
ते स्वच्छच होतं.

नव्याण्णवचा फेब्रुवारी. रात्रपाळी.
तीन नंबरचं यंत्र मिनिटाला सातशे क्रोनर पाडत होतं.
दर पंधरा मिनिटांनी एक उचलायचं,
भिंगाखाली धरायचं, वहीत वेळ, सही.
त्या पानावर दीडची सही आहे.
मग कोरं.
मग तीन वीस, वेगळ्या अक्षरात.

ओद्लौग द्रामेनच्या हॉस्पिटलात होती, रस्ता बर्फाने बंद.
तो फोनच्या खोलीत, रिसीव्हर कानाला,
पलीकडे नर्सच्या चपलांचा आवाज जाई आणि येई,
भिंतीआड सातशे, सातशे, सातशे.

पोती परत बोलावली गेली. दोन निसटली.

त्या दोन पोत्यांतली एकोणतीस
आता अंड्यांच्या ट्रेमध्ये आहेत, ओळीने.
पहिल्यावर पक्ष्याच्या पंखाजवळ रेघ,
आहे म्हटली तर आहे.
अकराव्यावर ती मधल्या भोकाच्या काठाशी येऊन थांबते.
तेराव्यावर भोकापलीकडून निघालेली असते,
मधली पोकळी तिने कशी ओलांडली
हे तो एस्पेनला समजावू शकला नाही
(साच्याला कुठलं भोक, एवढंच म्हणायचं होतं).
शेवटच्यावर काठाचा टवकाच गेलेला,
तिथे धातूची ओबडधोबड गाठ.

वहीत नसलेली रात्र अशी ट्रेमध्ये भरली आहे.
हे पावणेदोनचं असेल. हे अडीचचं.
तीन दहा
सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्याच्या मधे कुठेतरी.
तिथला खळगा रिकामा.

एस्पेनने तो पाहिला, काही विचारलं नाही.
विचारलं ते दुसरंच:
आणि तडा जायच्या आधीचं? अगदी शेवटचं चांगलं?
ते कसं ओळखायचं?

दिव्याखाली परत द्यायच्या नाण्यांचा ढीग होता.
म्हाताऱ्याने त्यात हात घातला,
वाळूत घालावा तसा.
त्याच्यावर काही नसतं, म्हणाला.
ते इतरांसारखंच असतं.

मंगळवारी डबा परत गेला.
सिवनेसनने मोजली असती
तर एक कमी भरलं असतं.